पुढच्या चाकातला आवाज आणि माझं चुकलेलं निदान

आजचा भाग कोडिंगचा नाही, आधीच सांगतो. आमच्या घरच्या पिकअपचं पुढचं चाक आणि त्यात मी केलेली चूक, एवढाच विषय आहे. घरी मालवाहू गाडी असेल तर जरा लक्ष देऊन ऐका. वाचत असाल तर वाचा.

आमचं गाव ओतूरजवळ. अण्णा, म्हणजे माझे वडील, टोमॅटोच्या हंगामात गाडी भरून माळशेज घाट उतरतात आणि कल्याणच्या मार्केटला जातात. एका शनिवारी मी पुण्याहून घरी आलो होतो. त्यांच्या शेजारी, डावीकडे बसलो. गाडी ४५-५०च्या पुढे गेली की खालून 'घूंऽऽ' असा आवाज यायचा, लांबून विमान जावं तसा. वेग वाढला की आवाजही चढायचा. अण्णांना विचारलं, तर म्हणाले, "कसला आवाज? गाडी म्हटल्यावर आवाज येणारच." त्यांचे कान चांगले आहेत हो. पण रोज कणाकणाने वाढणारा आवाज रोज चालवणाऱ्याला कळत नाही.

सपाट, मोकळ्या रस्त्यावर गाडी न्यूट्रल करून पाहिली. इंजिन शांत झालं, आवाज तसाच. म्हणजे इंजिन सुटलं. मग टायर की बेअरिंग? टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो, डांबरावर वेगळा आणि काँक्रीटवर वेगळा. हा बदलत नव्हता. म्हणजे बेअरिंग. इथपर्यंत माझं बरोबर होतं.

पुढे घोळ झाला. आवाज डावीकडून येतोय असं मला वाटलं, कारण मी डावीकडे बसलो होतो! लोखंडाच्या चासीतून आवाज कुठूनही कुठे जातो, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. रविवारी गॅरेजमध्ये मिस्त्री म्हणाले, "आधी दोन्ही चाकं उचलून बघू." मी म्हटलं, "नको, डावंच आहे." बेअरिंग बदललं, गावातल्या रस्त्यावर रिकामी गाडी तिशीच्या वेगाने फिरवली. आवाज नाही. "झालं, जा आता बिनधास्त," असं मीच अण्णांना सांगितलं.

जो आवाज ४५च्या पुढेच येतो, तो मी ३०ला तपासला. ऑफिसमध्ये कुणी असं टेस्टिंग केलं असतं तर मी त्याचं डोकं खाल्लं असतं.

सोमवारी रात्री अण्णा माल भरून घाट उतरले. पहाटे कल्याणहून फोन. "अरे, तो आवाज आहे की अजून. तू म्हणालास म्हणून आता मलाही ऐकू येतोय." मी म्हटलं, रिकामी गाडी हळू हळू आणा. आणि सुट्टी टाकून गावी पळालो.

या वेळी मिस्त्रींचं ऐकलं. आधी मोकळ्या रस्त्यावर वेगात असताना गाडी हलकेच डावीकडे, मग उजवीकडे घेतली. डावीकडे वळवली की वजन उजव्या चाकावर येतं. आवाज तेव्हाच वाढत होता. मग मागच्या चाकांना दगड लावून पुढून गाडी जॅकवर घेतली. उजवं चाक वर आणि खाली धरून हलवलं, तर टकटक. अण्णांना ब्रेक दाबायला सांगितलं आणि पुन्हा हलवलं. टकटक बंद. ब्रेक दाबल्यावर खेळ जातो तेव्हा तो बेअरिंगचा असतो. तसाच राहिला तर स्टिअरिंगचे किंवा सस्पेन्शनचे सांधे बघायचे. चाक हाताने फिरवताना स्प्रिंगवर दुसरा हात ठेवला, तर हाताला सरळ खरखर लागली.

हब उघडला. ग्रीस ताकासारखं पांढुरकं झालेलं. आतल्या टेपर बेअरिंगच्या कपाला बारीक बारीक खड्डे. ऑइल सील कडक झालेलं. कारणही समजलं: आमच्या वाटेवर एक फरशी पूल आहे, पावसाळ्यात त्यावरून पाणी वाहतं. लांबून आलेला गरम हब एकदम गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि खराब सीलमधून पाणी आत ओढलं जातं. तो कप हातात घेऊन मी बराच वेळ गप्प बसलो. याच चाकावर भरलेली गाडी घाट उतरली होती. बेअरिंग जाम झालं तर चाक निखळूही शकतं.

बदलताना कप आणि रोलर दोन्ही नवीन घ्यायचे, सील पण नवीन. हब आतून पुसून कोरडा करायचा, जुन्या ग्रीसमध्ये नवं मिसळायचं नाही. तळहातावर ग्रीस घेऊन बेअरिंगच्या रुंद बाजूने दाबायचं, दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत. नट कसताना चाक फिरवत राहायचं, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग सैल करून पुन्हा हलकासा कसायचा, आणि नवीन स्प्लिट पिन. किती कसायचं ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. मी जोर लावायला गेलो तर मिस्त्रींनी पान्हाच काढून घेतला. जास्त कसलेलं बेअरिंग तापून जळतं. तुमच्या गाडीला सीलबंद हब असेल तर मात्र यातलं काही करू नका, पूर्ण हबच बदलतात.

मग ६०च्या वेगाने, पोती भरून चाचणी घेतली. आवाज गेला.

आता अण्णा मुरबाडला चहाला थांबले की पुढच्या दोन्ही हबच्या जवळ उलटा हात नेऊन बघतात. घाटात ब्रेकने दोन्ही तापतात, पण एकच जास्त तापला तर काहीतरी गडबड. मागच्या आठवड्यात फोन आला, "उजवं-डावं सारखंच आहे बरं का. पण मागून काहीतरी वाजतंय."

शनिवारी जातोय बघायला.