शिल्पकार सदानंद बाकरे : उशिरा आलेला सन्मान
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा लिखित पाठ)



विषय निवडण्याची मोकळीक आपण मला दिलीत आणि मी एका शिल्पकाराचे नाव सांगितले, तेव्हा आपले कार्यवाह क्षणभर थबकले. मराठीच्या अध्यापकाने शिल्पकलेवर काय बोलायचे, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. मी आयुष्यात कधी छिन्नी हाती धरलेली नाही. परंतु काही वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना घेऊन भारत भवनात गेलो असताना एका अमूर्त शिल्पापुढे एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, हे कशाचं आहे?" मी गेली कित्येक वर्षे मर्ढेकर शिकवतो, तरीही त्या मुलीला मला उत्तर देता आले नाही. 'अमूर्त आहे' एवढे पुटपुटून मी पुढच्या दालनाकडे वळलो. ती नामुष्की मनाला लागून राहिली. तिचा माग काढता काढता मी सदानंद बाकरे यांच्यापाशी येऊन थांबलो.

मराठी वाचकाला १९४७ हे साल स्वातंत्र्याखेरीज आणखी एका कारणासाठी आठवते. त्या वर्षी मर्ढेकरांचा 'काही कविता' हा संग्रह प्रसिद्ध झाला आणि पुढे त्यावर अश्लीलतेचा खटलाही भरला गेला. त्याच वर्षी मुंबईत सहा तरुण कलावंतांनी 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' स्थापन केला. गोव्याचे सूझा, आपल्या मंडला जिल्ह्यातले रझा, आरा, हुसेन, विदर्भाचे हरी अंबादास गाडे आणि सदानंद बाकरे. या सहांत पाच चित्रकार होते आणि शिल्पकार एकटे बाकरे. त्यांचा जन्म १० नोव्हेंबर १९२० रोजी बडोद्याचा. म्हणजे तेही आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेर जन्मलेले मराठी. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यांनी शिल्पकलेचे शिक्षण घेतले. हुबेहूब व्यक्तिशिल्प घडवण्याची विद्या त्यांना उत्तम अवगत होती. अमूर्ताकडे वळणारा कलावंत साधे जमत नाही म्हणून तिकडे वळतो, हा समज बाकऱ्यांच्या बाबतीत तरी साफ खोटा आहे.

हुबेहूबपणा सोडून मग शिल्पकाराने करायचे काय? येथे मला पुन्हा मर्ढेकरांचाच आधार घ्यावासा वाटतो. संवाद, विरोध आणि समतोल या लयीच्या तीन नियमांनी कलाकृती सिद्ध होते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ते आपण कवितेपुरतेच वाचतो. वास्तविक शिल्पाला ते अधिक थेट लागू पडते. एक वस्तुमान डावीकडे झुकते, त्याला दुसरे अडवते. दोन भुजांमध्ये पोकळी राहते आणि ती पोकळीही दगडाइतकाच आकार धारण करते. भोवती फेरी घातली की प्रत्येक पावलागणिक हा तोल बदलत जातो. कवितेतली प्रतिमा 'कशाची' असे आपण विचारत नाही, तिचा ताण अनुभवतो. त्या मुलीला मी एवढे जरी सांगू शकलो असतो तरी पुष्कळ झाले असते.

समूहाचे पहिले प्रदर्शन १९४९ साली बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात भरले; मुल्कराज आनंद यांनी त्याचे उद्घाटन केले. परंतु कौतुकाने शिल्पकाराचे पोट भरत नाही. चित्रकाराला कॅनव्हास गुंडाळून बोटीवर चढता येते. शिल्पकाराला जागा हवी, दगड हवा, मातीच्या प्रतिकृतीवरून साचा काढून धातू ओतणारी भट्टी हवी. हा खर्च सोसणारा आश्रयदाता आपल्याकडे एकच, तो म्हणजे पुतळा समिती. आणि समितीची अट एकच, चेहरा ओळखू आला पाहिजे. या वाटेने थोर कामे झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. चौपाटीवरचा लोकमान्यांचा पुतळा घडवणारे रघुनाथ कृष्ण फडके पुढे आपल्या धारला स्थायिक झाले आणि १९६१ साली पद्मश्रीने गौरवले गेले. त्याचा माळव्यातल्या मराठी माणसाला रास्त अभिमान आहे. पण ज्याला चेहऱ्यापलीकडचे घडवायचे होते, त्याच्याकडे कोणती समिती येणार होती?

सूझा १९४९ साली लंडनला गेले, रझा १९५० साली पॅरिसला. १९५१ साली बाकऱ्यांनीही लंडन गाठले. तेथे हळूहळू त्यांच्या हातून शिल्पांपेक्षा चित्रेच अधिक होऊ लागली. ती चित्रे पाहिली की जाणवते, हा हात शिल्पकाराचाच आहे. घरे, झाडे, बोटी जाड रेघांनी आणि टोकदार पैलूंनी अशा बांधलेल्या की जणू पटाशीने तासून काढल्या आहेत. घडवण्याची ओढ गेली नव्हती, साधन बदलले होते. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातली खरी हानी ही आहे. पुरस्कार मिळाले की नाही ही गोष्ट त्यानंतरची.

१९७५ साली ते भारतात परतले, मात्र मुंबईत राहिले नाहीत. महर्षी कर्व्यांमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या कोकणातल्या मुरुड-हर्णैच्या किनाऱ्यावर त्यांनी घर केले आणि कलाजगताच्या गजबजाटापासून दूर राहून काम चालू ठेवले. दरम्यान सहकाऱ्यांवर सन्मानांचा वर्षाव होत होता. हुसेन यांना १९६६ साली पद्मश्री, १९७३ साली पद्मभूषण, १९९१ साली पद्मविभूषण. रझांना १९८१, २००७ आणि २०१३ साली अनुक्रमे तेच तीन. या यादीत बाकऱ्यांचे नाव नाही. बॉम्बे आर्ट सोसायटीने त्यांना जीवनगौरव पुरस्कार दिला तो २००४ साली. ज्या संस्थेच्या दालनात त्यांच्या समूहाने पहिले प्रदर्शन मांडले, त्या संस्थेला तिथवर पोहोचायला पंचावन्न वर्षे लागली! तरीही तो सन्मान त्यांच्या हयातीत मिळाला, याचे मला बरे वाटते. मर्ढेकरांना तेवढेही लाभले नाही. 'सौंदर्य आणि साहित्य'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला १९५६ साली, आणि त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात ते गेले होते.

१८ डिसेंबर २००७ रोजी मुरुड-हर्णै येथे वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी बाकरे निवर्तले. त्यानंतर लिलावगृहांच्या सूचींत त्यांचे नाव ठळकपणे दिसू लागले, पण लिलावात बोली लावणारा शिल्पाभोवती फेरी घालतो की नाही, हे मला ठाऊक नाही.

आता घरचाच एक विषय. व्याख्यानाच्या तयारीसाठी मी आपल्या ग्रंथालयातली कपाटे धुंडाळली. रविवर्म्यावर पुस्तके मिळाली, अजिंठ्यावर मिळाली. बाकऱ्यांवर एकही नाही. दोष ग्रंथपालांचा नव्हे, मराठीत लिहिलेच थोडे गेले आहे. मी जमवलेल्या टिपणांची आणि कात्रणांची एक धारिका आज त्यांच्या स्वाधीन करीत आहे. आपल्यापैकी कोणाच्या घरी जुन्या मासिकांत किंवा दिवाळी अंकांत बाकऱ्यांविषयी काही छापून आले असेल, तर ते किंवा त्याची छायाप्रत त्याच धारिकेत घालावी, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.