पगार, नोटीस आणि खांड



रायगड जिल्ह्यातल्या धरमतरच्या खाडीकाठी कवितेवर बोलायला उभे राहिले की मावळता सूर्य, भरतीच्या लाटा आणि शिडाची होडी हा ऐवज आयता हाताशी असतो. शिडाची होडी आता विरळाच. दिसतात ती कोळसा आणि लोहखनिज घेऊन डोलवीच्या पोलाद कारखान्याकडे निघालेली बार्ज. पलीकडे वडखळ नाका, अलिबागकडे वळणाऱ्या गाड्या आणि २०११ साली रुंदीकरण सुरू झालेला मुंबई-गोवा महामार्ग. (त्या रस्त्याने येऊन वेळेत पोहोचलेल्या श्रोत्यांचे आधी अभिनंदन करायला हवे.) रोजच्या जगण्याची प्रयोगशील कविता हा आजचा विषय इथेच येऊन भिडतो. होडी काढून त्या जागी बार्ज लिहिले की कविता समकालीन होते, की लिहिण्याची रीतच बदलावी लागते?

मराठीत हा प्रश्न बा. सी. मर्ढेकरांनी धसाला लावला. १९४७च्या ‘काही कविता’त पिंपातले उंदीर आले, शहरातली यंत्रे आली, आणि त्यांना त्यांनी चाल दिली ती संतांच्या ओवी-अभंगाची. भक्तीची चाल आणि मेलेले उंदीर यांचा हा संसार अनेकांना सोसला नाही. पुढे अश्लीलतेचा खटला झाला. त्यातून मर्ढेकर निर्दोष सुटले. त्यांच्या नंतरच्या कवींना एक गोष्ट मात्र कायमची कळली: विषय नवा असून भागत नाही, तो कोणत्या आवाजात बोलतो यावर सगळे अवलंबून असते.

हा आवाज सर्वांत तयारीने ऐकला तो अरुण कोलटकरांनी. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला, जाहिरातींच्या जगात नावाजलेला हा माणूस. १९७७ साली त्यांचा ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा संग्रह आला. त्यातल्या एका कवितेत एक जण मॅनेजरकडे पगार मागतो आणि सगळा मामला मुंबईच्या रस्त्यावरच्या हिंदीत चालतो. पुस्तक मराठी, कवी मराठी, भाषा ना मराठी ना शुद्ध हिंदी. पण तो पगार प्रमाण मराठीत मागितला असता तर मागणारा माणूसच खोटा पडला असता. त्याच कवितेचे इंग्रजी रूप करताना कोलटकरांनी त्याच्या तोंडी अमेरिकन गुंडपटातली बोली घातली. प्रयोग म्हणतात तो हा. इथे कवी आपली करामत दाखवत नाही. बोलणाऱ्याला त्याची जागा देतो.

नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने १९७२ साली हीच गोष्ट अधिक निर्दयपणे केली. प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाही त्यातल्या शब्दांचे अर्थ कवीला विचारावे लागले. ज्या शहरात आपण राहतो त्याचीच भाषा आपल्याला येत नाही, हा धडा मराठी वाचकाला त्या पुस्तकाने दिला.

ही कविता छापायची कुठे, हा त्या काळचा रोकडा प्रश्न होता. ‘शब्द’, ‘असो’ यांसारखी लघुनियतकालिके त्यातून निघाली. पदरमोड करून काढायची, अंक कधी येईल याचा भरवसा नाही आणि वाचक मोजके. १९६९ साली राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी ‘सत्यकथा’ या मासिकाची होळी केली, ती त्याच धगीतून. त्या कृत्याचे समर्थन करायचे की नाही हा वाद अजून मिटलेला नाही. ‘सत्यकथे’ने मराठी कवितेला दिलेले मोल जाणणाऱ्याला तो सोपाही वाटणार नाही.

त्या पिढीतले दोन कवी अखेरीस रायगड जिल्ह्यातच राहिले, हे फार जणांच्या ध्यानात नसते. गिरणगावचे नारायण सुर्वे नेरळला आणि सतीश काळसेकर पेणला. काळसेकर मूळचे मालवण तालुक्यातल्या काळसे गावचे, पोटासाठी बँकेत नोकरी, आणि लघुनियतकालिकांच्या चळवळीतले खंदे कार्यकर्ते. ‘इंद्रियोपनिषद’ १९७१चे, ‘साक्षात’ १९८२चे, ‘विलंबित’ १९९७चे. तीन संग्रहांमधली ही अंतरे पाहिली तरी हा कवी छापण्याच्या घाईत नव्हता हे कळते. साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांना २०१३ साली मिळाला तो ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ या गद्य पुस्तकाला. २४ जुलै २०२१ला पेणमध्येच त्यांचे निधन झाले. या भागातल्या किती शाळा-महाविद्यालयांत त्यांची कविता मोठ्याने वाचली जाते?

१९९०नंतर पुन्हा एक लाट आली. हेमंत दिवटे यांनी सुरू केलेल्या ‘अभिधानंतर’ या नियतकालिकाभोवती मोबाइल, मॉल, हप्ते आणि लोकल गाडी यांची कविता जमली. सुरुवातीला तिच्यात खरी धडपड होती. नंतरच्या नकलाकारांनी मात्र ब्रँडच्या नावांच्या याद्या केल्या, आणि चंद्र-चाफ्याच्या याद्यांइतक्याच त्या निर्जीव झाल्या. ओळी तोडून लिहिले, विरामचिन्हे गाळली, मध्येच इंग्रजी शब्द टाकला की प्रयोग होत नाही. ती सवय होते.

मग इथला कवी काय करणार? खाडीकाठच्या या खारेपाटात भाषेची वाण नाही. उधाण आले, बांधाला खांड पडली, खारे पाणी भातशेतीत शिरले, हे इथल्या घरात बातमीसारखे सांगितले जाते. उघाडीची दारे नादुरुस्त असल्याची तक्रार तलाठ्यापर्यंत जाते. हमरापूर, जोहे, कळवे इथल्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत साचा, कच्ची मूर्ती, डोळ्यांची आखणी हे दिवसभराचे बोलणे. आगरी लग्नात धवलारीण एकेक विधी गाण्यातून पार पाडते. तिचे गाणे म्हणजे कामच असते.

आणि कागदाची भाषा? महामुंबई सेझच्या (विशेष आर्थिक क्षेत्राच्या) भूसंपादनाच्या वेळी, २१ सप्टेंबर २००८ रोजी, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या पेण तालुक्यातील २२ गावांत शेतकऱ्यांचे जनमत घेण्यात आले. नोटीस, हरकत, खातेदार, सातबारा हे शब्द तेव्हा ओटीवर येऊन बसले. नोटिशीच्या वाक्यात कर्ता सापडत नाही. ‘संपादित करण्यात येईल’, ‘कळविण्यात येते’. कोण करणार, कोण कळवणार? अशा बिनकर्त्याच्या वाक्यांतूनच एक दीर्घ कविता उभी करता येईल, आणि तिला प्रयोगाचे लेबल लावण्याची गरज पडणार नाही.

रोजचे टिपण्याचा असा प्रयोग इतरत्रही झाला आहे. ऑक्टोबर १९७४मध्ये फ्रेंच लेखक जॉर्ज पेरेक पॅरिसच्या सां-सुल्पिस चौकातल्या कॅफेंत तीन दिवस जाऊन बसला. चर्चबद्दल, पुतळ्यांबद्दल लोकांनी लिहून ठेवलेच होते. त्याने जाणाऱ्या बसचे क्रमांक, कबुतरे, पिशव्या घेतलेली माणसे टिपली. पुस्तक छोटेसे झाले आणि आजही वाचले जाते.

वडखळ नाक्यावर बसायला कॅफे लागत नाही, चहाची टपरी पुरे. इथल्या तरुण कवींनी तीन दिवस तिथे बसावे, नाहीतर उधाणाच्या दिवशी बांधावर जावे. ऐकू येईल ते न सजवता लिहावे. आणि लिहून झाल्यावर ते संपादकाकडे धाडण्याआधी टपरीवाल्याला, बार्जवरच्या खलाशाला, खांड बुजवणाऱ्या बाईला वाचून दाखवावे. त्यांनी दुरुस्त्या सुचवल्या तर त्या मुकाट्याने कराव्यात.