पिलाचा रियाज
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझी नात पेटीवर गाणे शिकते. तिचा सूर चुकला की मी स्वयंपाकघरातून लगेच ओरडत असे. एके दिवशी तिने पेटी मिटली आणि माझ्यादेखत गाणेच सोडले. तेव्हापासून एका पक्ष्याची हकिगत मला फार आठवते.

ऑस्ट्रेलियात झेब्रा फिंच नावाचा चिमुकला पक्षी आहे. त्यांच्यात गातात ते नरच. पिलू बापाचे गाणे ऐकून मनात साठवते आणि मग ते बोबड्या आवाजात घोटू लागते. तीन महिन्यांचे होईपर्यंत हजारो वेळा घोटून ते गाणे बसवते. त्याबद्दल त्याला कोणी दाणा देत नाही, की शाबासकी देत नाही. मग चुकले की साधले, हे त्याला सांगते कोण?

सांगते त्याच्याच मेंदूतील डोपामिन नावाचे द्रव्य. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात मोठे नर गात असताना एका ठराविक सुरावर मधूनमधून खरखर ऐकवली गेली. आपलाच सूर बिघडला असे वाटून डोपामिनच्या पेशी मंदावत. खरखरीची धास्ती असताना सूर स्वच्छ निघाला की त्या उसळत. हे २०१६ साली प्रसिद्ध झाले. २०२५ साली शिकाऊ पिलांतही तेच दिसले: वयाच्या मानाने गाणे जितके उजवे, तितके डोपामिन अधिक.

याहून नवलाची गोष्ट २०२३ साली कळली. नर मादीसमोर गाऊ लागला की हा आतला परीक्षक सुरांच्या चुका मोजणे जवळजवळ थांबवतो आणि तिच्या प्रतिसादाकडे कान लावतो. म्हणजे चुका सुधारायच्या त्या एकांतात. समोर कोणी असले की लक्ष ऐकणाऱ्याकडे!

पाखराचे सारेच माणसाला लागू पडते असे नाही. पण एक विसरू नये. मोठ्यांचे गाणे कानी न पडता वाढलेल्या पिलाचे गाणे ओबडधोबडच राहते. तेव्हा चांगले कानावर घालणे हे आपले काम, घोटणे हे मुलांचे.

हल्ली नात दार लोटून गाते. सूर चुकतो, मला ऐकू येतो. मी भाजी चिरत राहते. थोड्या वेळाने तोच सूर ती पुन्हा घेते, आणि या वेळी तो बरोबर लागतो.