नवा टीव्ही घेताना

(क्युपर्टिनो येथे मंडळाच्या ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर, थोड्या काटछाटीसह.)



मागच्या मेळाव्यात चहा घेताना मी सहज म्हणून गेलो, "आमचा टीव्ही गेला हो!" तर कप खाली ठेवेपर्यंत मला आठ जणांनी आठ सल्ले दिले. नववं कोणी बोलायच्या आत चालकांनी मला धरलं, "एकदा घेऊन झाला की काय काय शिकलात ते सगळ्यांना सांगा." म्हणून आज उभा आहे. मी या विषयातला तज्ज्ञ नाही. दोन महिने दुकानं पालथी घातलेला एक गिऱ्हाईक आहे, एवढंच.

आपण राहतो ते गाव या विषयात अगदीच परकं नाही बरं का. इथून तासाभरावर, म्हणजे १०१ वर गर्दी नसेल तर, सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रीन स्ट्रीटवर ७ सप्टेंबर १९२७ रोजी फायलो फार्न्सवर्थ नावाच्या एकवीस वर्षांच्या पोराने पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पहिलं चित्र एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पाठवलं. चित्र कसलं, तर एक सरळ रेघ! त्या रेघेपासून आपण आजच्या ४के पडद्यापर्यंत आलो. ४के म्हणजे आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके, एकूण सुमारे ८३ लाख.

आमच्या पुण्याच्या वाड्यात टीव्ही आला तेव्हा निवडीचा प्रश्नच नव्हता. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुढे सिंहगडावरून पुण्यात दिसायला लागलं. वाड्यात एकच टीव्ही, तोही मालकांचा. लाकडी पेटी, सरकती दारं, त्याला कुलूप. गच्चीवर एकाने अँटेना फिरवायची, जिन्यात दुसऱ्याने उभं राहायचं आणि आतून तिसऱ्याने ओरडायचं, "आलं... आलं... गेलं!" 'छायागीत'ला चाळीस माणसं त्या खोलीत मावायची. आता खोली मोठी, पडदा त्याहून मोठा आणि समोर माणूस मात्र एक, तोही फोनमध्ये बघतोय.

असो. तर घरात बैठक बसली. चिरंजीव म्हणाले, "बाबा, ओएलईडीच घ्या." मला क्रिकेटसाठी पंचाहत्तर इंची हवा होता. सौ. म्हणाली, "थोडी भिंत दिसू द्या." आई आमच्याकडेच असते, चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. तिला विचारलं, "तुला कसा हवा?" ती म्हणाली, "मला कुठे बघायचाय? तुम्हाला आवडेल तो घ्या." मी ते तिच्या नेहमीच्या संकोचात जमा केलं. तिथे माझं चुकलं, पण त्याच्याकडे मागाहून येतो.

आधी आकाराचं बघू. टीव्हीचा आकार तिरपा मोजतात. हिशेब सोपा आहे : सोफ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर इंचात घ्या आणि त्याला १.६ ने भागा. आमचं अंतर नऊ फूट, म्हणजे १०८ इंच. भागाकार येतो साधारण ६७. म्हणजे पासष्ट इंची पुरे. पासष्ट इंची टीव्ही प्रत्यक्षात पावणेपाच फूट रुंद आणि पावणेतीन फुटांना जरा कमी उंच असतो. दुकानाच्या उंच छताखाली तो लहान दिसतो, घरी आणला की दरवाजाएवढा वाटतो. म्हणून आम्ही जुनी चादर त्या मापाची दुमडून भिंतीवर लावली आणि चार दिवस तशीच ठेवली. आईने विचारलं, "नाटक आहे का आपल्याकडे?" चेष्टा सोडा, पण हे जरूर करा. आणि बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत पडद्याचा मध्य यायला हवा. शेकोटीच्या वर टांगलेला टीव्ही बघताना आपल्या वयाच्या माना चांगल्याच दुखतात.

दुसरी गोष्ट उजेड. आमचं घर फेअरग्रोव्हमधलं, जोसेफ आयक्लरने १९६०च्या सुमारास बांधलेल्यांपैकी. मागची अख्खी भिंत काचेची! दुपारी टीव्हीत मालिकेपेक्षा आमचं लिंबाचं झाडच जास्त दिसायचं. ओएलईडीमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, त्यामुळे काळा रंग खरोखर काळा दिसतो. अंधाऱ्या खोलीत सिनेमा बघणाऱ्याने डोळे मिटून, म्हणजे उघडून, तोच घ्यावा. पण भर उजेडात साधारणपणे एलसीडी जातीचा, मागे बारीक दिव्यांचे अनेक गट असलेला मिनी-एलईडी टीव्ही जास्त प्रखर दिसतो. शिवाय ओएलईडीवर एकच चॅनेल दिवसचे दिवस चालू ठेवलं, तर कोपऱ्यातल्या बोधचिन्हाचा डाग कायमचा उमटण्याची थोडी भीती असते. आता नव्या टीव्हींत त्यावर बरेच उपाय आहेत, पण आपल्या घरांत एकच बातम्यांचं चॅनेल सकाळपासून लावलेलं असतं की नाही, ते तुम्हीच सांगा. चिरंजीवांचा प्रस्ताव इथे बारगळला.

तिसरी गोष्ट, दुकानातल्या चित्रावर भाळू नका. तिथे रंग मुद्दाम भडक ठेवलेले असतात. घरी आणल्यावर सिनेमा एखाद्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसायला लागला, तर टीव्ही बिघडलाय असं समजू नका. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं असतात, टीव्ही मधली चित्रं स्वतःच्या मनाने तयार करून भरतो. ती सोय बंद करता येते. २०१९ साली 'फिल्ममेकर मोड' नावाचा पर्याय जाहीर झाला, तो असला तर एका बटणात काम होतं. आपल्या मालिकांची गंमत वेगळीच. भारतात सेकंदाला २५ चित्रांची पद्धत आणि इथल्या पडद्यांची चाल साधारण ६०ची, त्यामुळे पात्र चालताना बारीक हिसके बसतात. आपल्या गावच्या कंपनीच्या ॲपल टीव्हीच्या खोक्यात 'मॅच फ्रेम रेट' म्हणून पर्याय आहे. ॲपने साथ दिली तर हिसके जातात.

आता आईकडे येतो.

गेली दोन वर्षं आई रात्रीचं जेवण झालं की आपल्या खोलीत जायची. आम्हाला वाटायचं, वय झालं, दमते. टीव्हीची शोधाशोध चालू असताना एका रात्री मी तिला गोळी द्यायला गेलो. ती अंधारात टॅब्लेट कानाला लावून बसली होती. बघत नव्हती, ऐकत होती. मी म्हटलं, "अगं, बाहेर बसून बघ ना आमच्याबरोबर." ती म्हणाली, "बाहेरचा पुटपुटतो रे. आणि आवाज वाढवला की तू ओरडतोस."

खरं होतं. "आई, किती मोठा करतेस!" हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल, त्याचा हिशेब नाही. ती भांडली नाही. उठून खोलीत गेली आणि आम्ही तिकडे लक्ष दिलं नाही.

पुढच्या दिवसापासून मी पडदे बघायचं सोडून आवाजाच्या मागे लागलो. कारण साधं आहे. जुन्या जाडजूड टीव्हीत स्पीकरला पोटभर जागा होती आणि त्याचं तोंड आपल्याकडे असायचं. आताचा टीव्ही बोटाएवढा जाड, त्याचे इवलेसे स्पीकर खाली नाहीतर मागे भिंतीकडे तोंड करून बसलेले. वर मालिकेचं पार्श्वसंगीत ढणढणत असतं. वय वाढलं की कानाची बारीक, उंच आवाज टिपायची ताकद आधी कमी होते आणि स, श, त, थ यांसारखी व्यंजनं तिथेच हरवतात. आवाज वाढवला तर ढणढण वाढते, शब्द तसेच राहतात.

उपाय तीन केले. पहिला, आईचे कान तपासून घेतले, जे दोन वर्षांपूर्वीच करायला हवं होतं. दुसरा, टीव्हीखाली साउंडबार घेतला, संवाद वेगळे उठावदार करण्याची सोय असलेला. तो एचडीएमआयच्या 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलेल्या भोकातच जोडायचा, म्हणजे एकाच रिमोटवर आवाज चालतो. तिसरा, आईसाठी बिनवायरचा हेडफोन. घेताना विचारून घ्या की हेडफोन चालू असताना बाकीच्यांचा आवाज बंद होत नाही ना. काही टीव्हींत होतो, आणि मग एकजण ऐकतो, बाकीचे मूकपट बघतात. या सगळ्याचे पैसे कुठून आले? माझ्या पंचाहत्तर इंचांतून. उरलेल्यात पासष्ट इंची उत्तम आला.

दोन-तीन बारीकसारीक गोष्टी सांगून संपवतो. टीव्ही पहिल्यांदा लावताना तो दहा गोष्टींना संमती मागतो, डोळे झाकून 'हो' म्हणू नका. आपण काय बघतो याची नोंद अनेक टीव्ही ठेवतात. अशी माहिती संमतीशिवाय गोळा केल्याच्या आरोपावरून विझिओ कंपनीने २०१७ मध्ये बावीस लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं होतं. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करा. दिवाळी आटोपते न आटोपते तोच थँक्सगिव्हिंगची स्वस्ताई येते. त्यात मॉडेल नंबरचं प्रत्येक अक्षर जुळवून बघा, एका अक्षराच्या फरकाने आतला माल हलका असू शकतो. जुना टीव्ही कचऱ्यात टाकू नका, कॅलिफोर्नियात ते बेकायदा आहे. २००५ पासून आपण खरेदीच्या वेळी त्याच्या विल्हेवाटीची फी भरत आलो आहोत, तेव्हा रीसायकलिंग केंद्रात हक्काने न्या. आणि लग्नाची व्हिडिओ कॅसेट घरात पडून असेल तर आधी ती डिजिटल करून घ्या. लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरींची भोकं पुष्कळ नव्या टीव्हींना नसतात.

आमचा टीव्ही येऊन आता तीन आठवडे झाले. रिमोटचं बटण दाबून आई त्याच्याशी शुद्ध मराठीत बोलते, तो काहीतरी तिसरंच शोधून आणतो आणि मग दोघांचं भांडण होतं. पण ती जेवण झाल्यावर बाहेर बसते. परवा मालिका बघताना एकदम म्हणाली, "अगंबाई, ही सासू अशी बोलते होय? मी दोन वर्षं हिला गरीब समजत होते!"

तेव्हा मंडळी, टीव्ही जरूर घ्या. पण घेण्याआधी घरात संध्याकाळी कोण लवकर झोपायला जातं, तेवढं बघा.