मातृत्वाची पायाभरणी बालपणीच



घरात पाळणा हलला नाही, की समाजाचे बोट प्रथम सुनेकडे जाते. ‘वांझ’ हा क्रूर शब्द वनवासी टोल्यावर उच्चारला जातो, तसाच शहरातील सुशिक्षित दिवाणखान्यातही. आधुनिक जीवशास्त्र मात्र हे बोट समाजाकडेच वळवू लागले आहे.

गर्भ संभवण्यासाठी ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज या चारांचा संयोग हवा, असे सुश्रुतसंहिता सांगते. सुश्रुतांना आजचे जनुकशास्त्र अवगत होते, असा दावा करण्याचे कारण नाही. परंतु बीजाइतकेच भूमीला आणि पाण्याला महत्त्व देणारी दृष्टी आपल्या परंपरेला परकी नाही, हे निश्चित.

‘एपिजेनेटिक्स’ ही संज्ञा १९४२ साली कॉनराड वॉडिंग्टन यांनी मांडली. जनुक हा ग्रंथ मानला, तर मिथाइलसारख्या रासायनिक खुणा त्याच्या पानांवर बसतात. अक्षरे तीच राहतात. कोणते पान उघडायचे आणि कोणते मिटवायचे, हे ठरण्यात या खुणांचा वाटा असतो. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँडमध्ये उपासमार झाली. तेव्हा गर्भात असलेल्यांच्या एका वाढविषयक जनुकावरील खुणा साठ वर्षांनंतरही वेगळ्या आढळल्या, असे २००८ साली प्रसिद्ध झाले.

प्रजनन आरोग्याबाबतचे उदाहरण आपल्या शेजारचे आहे. बांगलादेशातील सिल्हेटमधून इंग्लंडला गेलेल्या स्त्रियांचा तेथील संशोधकांनी अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. बालपणीच इंग्लंडला गेलेल्या मुली लवकर वयात आल्या आणि प्रौढपणी त्यांच्यात प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण अधिक आढळले. प्रौढ वयात गेलेल्या स्त्रियांचे प्रमाण मात्र मायदेशी राहिलेल्यांइतकेच कमी होते. मायदेशी राहिलेल्या या स्त्रिया उपाशी नव्हत्या, खात्यापित्या घरच्या होत्या. म्हणूनच संशोधकांचे लक्ष बालपणीच्या वारंवार होणाऱ्या संसर्गाकडे गेले. रोगाशी झुंजताना शरीराची शक्ती खर्ची पडते आणि प्रजननाच्या वाट्याला कमी उरते. पुढे २०२२ साली या फरकाशी निगडित अशा खुणा एका जनुकावर आढळल्याचे प्रसिद्ध झाले.

आता गडचिरोलीकडे पाहावे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तेथील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांचा अहवाल १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. त्याआधी तपासणी झाली होती अवघ्या ८ टक्क्यांची! ते संशोधन जनुकांवरील खुणांचे नव्हते. परंतु ज्या मुलूखात हिवतापाने अनेक वर्षे ठाण मांडले, तेथील मुलींचे बालपण किती संसर्गांतून जात असेल, याची कल्पना करता येते. चंद्रपुरात प्रश्न निराळा. कोळसा आणि वीजनिर्मितीच्या या शहराची नोंद २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अतिप्रदूषित क्षेत्रांत केली. रानातला ताप असो वा शहरातला धूर, तो सोसते ते कोवळे शरीरच.

या खुणा म्हणजे ललाटलेख नव्हेत. सर्वच वंध्यत्वाचे मूळही बालपणात नसते. पुरुषांमधील दोषही तितकेच विचारात घ्यावे लागतात. तथापि एक सत्य विसरता कामा नये. स्त्रीची बीजांडे ती आईच्या गर्भात असतानाच तयार होतात. म्हणजे आजच्या गर्भवतीच्या ताटात तिच्या नातवंडांचाही घास असतो.

म्हणून मातृशक्तीचा गौरव केवळ व्यासपीठावरून करून भागणार नाही. टोल्यावर जाणाऱ्या कार्यकर्त्याने तेथे शुद्ध पाणी आहे का, प्रत्येक खाटेवर मच्छरदाणी आहे का, मुलींना जंताचे औषध आणि पोटभर अन्न मिळते का, हे आधी पाहावे. अंगणवाडी सेविका आणि आशा ताईंच्या पाठीशी उभे राहावे. मध्यमवर्गीय घरांनी मूल नसलेल्या सुनेला दूषण देणे थांबवावे.

मुलीच्या तापाकडे आज केलेले दुर्लक्ष उद्या तिच्याच माथी दोष म्हणून मारणे, हा अधर्म आहे.