नकाराची तयारी

३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कोरोनेशन सिनेमागृहांत ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हां तारामती झाले होते अण्णा साळुंके. शोधूनही फाळक्यांना त्या भूमिकेसाठीं स्त्री मिळाली नव्हती. परंतु त्यांच्या दुसऱ्याच चित्रपटांत, १९१३ च्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्यें, दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची कन्या कमलाबाई मोहिनी. स्त्रीनें तोंडास रंग लावणें कुलीन समाजास मानवत नव्हतें, तो हा काळ.

हें ठाऊक असूनही, शिक्षक असतांना मीं एका मुलीस स्नेहसंमेलनाच्या नाटकांत घेतलें नाहीं. कारण ती बोलतांना अडखळे. दुसऱ्या वर्षीं ती पुन्हां दारांत उभी, तिसऱ्या वर्षींही. शेवटीं मीं तिला दोन वाक्यांची दासी दिली. तीं वाक्यें ती न अडखळतां बोलली. भ्यालों होतों तो मीच!

टाळ्यांची हमी रंगभूमि कोणासही देत नाहीं. ती हवी असेल त्यानें प्रेक्षकांत बसावें. त्यांत कमीपणा नाहीं. पण ज्याला तेथें चैन पडत नाहीं, त्यानें नकार ऐकण्याची तयारी पाठांतराइतक्याच नेटानें करावी. आणि माझ्यासारख्या निवड करणारांनीं दार थोडें उघडें ठेवावें.