बेळगावात एक दिवस काढा

बेळगाव म्हटलं की मराठी माणसाला आधी सीमाप्रश्न आठवतो आणि मग कुंदा. या दोहोंच्या मध्ये एक अख्खं शहर आहे, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कोल्हापूरहून किंवा गोव्याहून आलेले पाहुणे गाडीतून उतरतात, कुंद्याचे चार डबे घेतात, "मग तुमचं काय होणार हो शेवटी?" असं सहानुभूतीनं विचारतात आणि दिवे लागायच्या आत परत निघतात. १ नोव्हेंबर १९५६ पासून चाललेल्या प्रश्नाचं उत्तर मी त्यांना मिठाईच्या दुकानाच्या पायरीवर काय देणार? महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो तिथं राहू द्या. तुम्ही आलाच आहात तर गाव बघा, एवढंच मी म्हणतो. आणि हे सांगणं जितकं पाहुण्यांना, तितकंच इथं जन्म काढलेल्यांनाही आहे. किल्ल्यातली कमल बस्ती न पाहिलेले बेळगावकर मला दर आठवड्याला भेटतात.

तेव्हा सुरुवात किल्ल्यापासूनच करा, आणि सकाळी करा. भोवती खंदक, दाराशी गणपती आणि दुर्गेचं देऊळ. आतला बराच भाग लष्कराकडे आहे, त्यामुळे वाट्टेल तिथं भटकता येत नाही. पण कमल बस्ती मात्र निवांत पाहता येते. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज यानं १२०४ मध्ये ती बांधली. काळ्या दगडाचे गुळगुळीत खांब, नेमिनाथाची मूर्ती, आणि मान वर केली की छताला उमललेलं दगडी कमळ. मान दुखेपर्यंत बघत राहावं असं ते आहे. तिथून थोड्याच अंतरावर असदखान लारीची साफा मशीद आहे, आणि याच किल्ल्यात रामकृष्ण आश्रमही आहे. स्वामी विवेकानंद ऑक्टोबर १८९२ मध्ये कोल्हापूरहून बेळगावला आले, ते आधी रिसालदार गल्लीत भाटे वकिलांच्या घरी उतरले. ते घरही आता स्मारक म्हणून जपलं आहे. जैन बस्ती, मशीद आणि आश्रम एका तटाच्या आत, पायी फिरण्याच्या अंतरावर! भाषेच्या भांडणाची सवय झालेल्या आमच्या गावाला याचं फारसं कौतुक नाही, ही गोष्ट वेगळी.

किल्ल्यातून कॅम्पात यावं. सरळ रस्ते, जुनी झाडं, बैठे बंगले, गॉथिक धाटणीचं सेंट मेरीज चर्च. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथंच आहे, त्यामुळे महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत बेळगावचं नाव पहिल्यांदा पोचलं ते भरती झालेल्या मुलाच्या पत्रातून. मिलिटरी महादेवाच्या बागेत मुलांना थोडा वेळ मोकळं सोडावं आणि मग बाजाराकडे वळावं.

बाजार म्हणजे गल्ल्या. गणपत गल्ली, मारुती गल्ली, रामदेव गल्ली, खडे बाजार, रविवार पेठ. एक रस्ता किर्लोस्करांच्या नावाचा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलींचं दुकान काढलं ते याच गावात. पुढं कारखान्याची जागा सोडावी लागली म्हणून ते औंध संस्थानात गेले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. एका उद्योगाला गाव कसं मुकतं याचा हा नमुना जुनी माणसं अजून हळहळून सांगतात.

बाजारात खरेदी करा न करा, कान मात्र उघडे ठेवा. इथली मराठी पुण्याच्या माणसाला गमतीची वाटते. "काय करूलालास?" असं विचारतील. "येतो, खरं उशीर होईल" या वाक्यातलं 'खरं' म्हणजे 'पण'. दुकानदार एका गिऱ्हाइकाशी कानडीत, दुसऱ्याशी मराठीत, तिसऱ्याशी दखनी उर्दूत बोलतो आणि मधेच आत बसलेल्या बायकोशी कोकणीत. बाहेरचे लोक मला विचारतात, कानडी येत नसेल तर अडचण होते का? बाजारात होत नाही. सरकारी कचेरीत कागद हातात पडला की होते, आणि ही अडचण खरी आहे. ती हसण्यावारी नेऊ नये. मराठी घरातल्या म्हातारीला तिच्याच जमिनीचा उतारा दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो.

पुढं कपिलेश्वराचं दर्शन घ्या आणि रेल्वेवरचा पूल ओलांडून शहापुरात उतरा. हे ओलांडणं फार जुनं आहे. १९४७ पर्यंत बेळगाव इंग्रजी अमलात होतं आणि शहापूर सांगलीकर पटवर्धनांचं. म्हणजे भाषावार प्रांत स्वप्नातही नव्हते तेव्हा या गावाच्या पोटात एक हद्द होतीच, आणि लोक रोज ती ओलांडून भाजी आणायला जात होते. शहापूर, वडगाव, खासबाग हा विणकरांचा भाग. गल्लीत शिरलं की यंत्रमागाची खडखड सुरू होते. मागावर बसणारा कानडी, साडी घेणारी मराठी, हे इथलं जुनं चित्र आहे.

कुंदा शहापूरचाच. खवा जरा जास्त आटला आणि हा पदार्थ निघाला, अशी कथा सांगतात. खरीखोटी देव जाणे. चांगला कुंदा रवाळ आणि तपकिरी असतो, फार गोड नसतो. ताजा घ्या आणि लवकर संपवा. पण मी म्हणेन, जमलं तर मांडे खा. उलट्या भांड्यावर भाजलेली, कागदासारखी पातळ पोळी, आत तूप आणि पिठीसाखर, घडी घालून चौकोन केलेला. लग्नकार्यात हवेतच. मनातले मांडे सगळ्यांनीच खाल्लेले असतात. खरे खायचे तर इथं यावं लागतं.

दुपार टिळकवाडीसाठी ठेवा. २६ आणि २७ डिसेंबर १९२४ ला इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष झाले असं हे एकमेव अधिवेशन. पाण्यासाठी खोदलेली विहीर अजून आहे, जवळ वीरसौध हे स्मारक आहे. त्या अधिवेशनात अकरा वर्षांची एक मुलगी स्वागतगीत गायली होती. पुढं जग तिला गंगूबाई हनगल म्हणून ओळखू लागलं. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये बेळगावजवळच्या सुळेभावीत एक मुलगा जन्मला, शिवपुत्र कोमकली; म्हणजे आपले कुमार गंधर्व. दोघांचीही घरची भाषा कानडी. कुमारांचं गाणं कोणत्या राज्याचं, हे एकदा कुणीतरी ठरवून दाखवावं!

याच टिळकवाडीतल्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात पु. ल. देशपांडे काही काळ शिकवत होते. त्यांचे 'रावसाहेब' तुम्ही वाचले असतील, ते याच गावचे. इंदिरा संतांचं बरंचसं आयुष्य बेळगावात गेलं. दीडशे वर्षांहून जुनं सार्वजनिक वाचनालय अजून चालू आहे. तिथं जाऊन तासभर वर्तमानपत्रं वाचत बसणं ही बेळगावात करण्यासारखी सर्वांत स्वस्त गोष्ट. माझी खंत एवढीच, की मराठी नाटकाला मराठी माणसं जातात आणि कानडी नाटकाला कानडी. दोन्ही भाषा येणाऱ्यांनी भरलेल्या गावात असं का व्हावं?

दोन दिवस असतील तर बाहेर पडा. चंदगडच्या रस्त्यावर शिनोळीपाशी पाट्यांची लिपी बदलते, तीच हद्द. शेतं मात्र बदलत नाहीत. तिकडच्या देवरवाडीचा वैजनाथ आणि वरचा महिपाळगड पावसानंतर पाहावा. चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्यातला, पण त्याचा दवाखाना, बाजार, मुलांचं कॉलेज बेळगावात. म्हणून २०२५ च्या फेब्रुवारीत एका बसमधल्या भाषेच्या वादानंतर दोन्ही राज्यांच्या गाड्या थांबल्या, तेव्हा अशा वादांत भाग न घेणारी माणसंच स्टँडवर अडकली. औषधाला आलेली, माल विकायला आलेली. असं पुन्हा होऊ शकतं, तेव्हा निघण्यापूर्वी गाड्यांची चौकशी करावी.

गोव्याकडून येणाऱ्यांनी चोर्ल्याच्या रस्त्यावर कणकुंबीला थांबावं. मलप्रभा तिथं उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडे जाते. त्याच खानापूर तालुक्यातून निघालेली म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरते. तिच्या पाण्याचाही वाद आहेच. हलशीचं कदंबांच्या वेळचं भूवराह नरसिंहाचं देऊळ याच तालुक्यात. तिथं दुपारी सहसा कुणी नसतं.

कधी यावं, असं विचाराल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पावसात हौस असेल तरच. इथला पाऊस दिवसचे दिवस थांबत नाही. वैशाखातल्या शिवजयंतीची चित्ररथांची मिरवणूक पाहायची असेल तर रात्र जागायची तयारी हवी, आणि मुक्कामाची खोली आधी धरून ठेवायला हवी, कारण त्या रात्री खेड्यापाड्यांतून सगळा मुलूख शहरात लोटतो.